विज्ञानाचा कार्यक्रम नवख्यांसाठी की हौशी प्रेक्षकांसाठी? एका स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खगोलशास्त्रावर आठ भागांची मालिका लिहायला घेतलीये, प्रोड्युसर म्हणतो सातवीतल्या मुलाला कळेल असं लिहा, आणि ज्या मित्रांना पहिला भाग वाचायला दिला ते म्हणतायत असलं बाळबोध कोण बघणार, आम्ही पाच मिनिटांत उठू. तेव्हा असे कार्यक्रम नवख्यांसाठी असावेत की ज्यांना आधीच गोडी लागलीये त्यांच्यासाठी, असं तुम्ही विचारलंय. मी गेली वीसेक वर्षं टीव्हीसाठी विज्ञानाच्या स्क्रिप्ट लिहितोय, सुरुवातीला नुसती माहिती गोळा करून द्यायचो, मग हळूहळू लिहायला लागलो, आणि हा वाद मी जवळजवळ प्रत्येक मालिकेच्या पहिल्याच मीटिंगला ऐकलाय. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि बहुतेक वेळा जो माणूस अस्तित्वातच नाही त्याच्यावरून भांडतात. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

आधी तो "नवखा" घेऊ. मीटिंगमध्ये नवखा म्हटलं की ज्याचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं तो रिमोट हातात धरून बसलेला, कुठल्याही क्षणी चॅनेल बदलेल असा माणूस असतो. तो नवखा नाही हो, तो उदासीन आहे. नवख्याला माहिती नसते, पण तो आपणहून येऊन बसलेला असतो, त्याला कळून घ्यायचं असतं. उदासीनाला काहीच नको असतं, त्याला फक्त खिळवून ठेवायचं असतं. आता दर तीन मिनिटांनी वाजणारं धडामधूम संगीत, "शास्त्रज्ञही चक्रावले" टाइपची वाक्यं, पृथ्वीवर आदळणारा तोच तो अशनी, हे सगळं उदासीनासाठी असतं आणि खापर मात्र नवख्याच्या डोक्यावर फुटतं, की काय करणार, सामान्य प्रेक्षकाला हेच लागतं. ब्रेकचं गणित करून बघा. भागात चार ब्रेक, प्रत्येक ब्रेकच्या आधी अर्ध्या मिनिटाचा "पुढे पाहूया" आणि नंतर पाऊण मिनिटाचं "आतापर्यंत आपण पाहिलं", म्हणजे पाच मिनिटं गेली. ४४ मिनिटांच्या भागातली पाच. तेवढ्यात एक अख्खा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवून होतो. तुमचे मित्र ज्याला बाळबोध म्हणतात ते बहुतेक हेच असतं, सोपेपणा नव्हे, रेंगाळणं.

आता दुसरा, "हौशी". हा पण एक माणूस नाही. ब्लॅक होलवर तासभर बोलणारा माणूस मूत्रपिंड रक्त कसं गाळतं विचारलं की गप्प होतो. पक्ष्यांची शास्त्रीय नावं पाठ असणारी बाई तारे का चमचमतात याला काहीतरी ठोकून देते. म्हणजे प्रत्येक हौशी माणूस चार पावलं बाजूला सरकला की नवखाच, आणि तुमच्या आठ भागांत तर विषय आठदा बदलणार आहे.

शिवाय हौशी लोकांना जे माहीत असतं ते पुष्कळदा शब्द असतात. हे मी तुच्छतेने म्हणत नाहीये, मी पण त्यातलाच. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना विचारलं होतं की ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, त्यात नुकते पदवी घेतलेले होते, माजी विद्यार्थी होते, प्राध्यापक पण होते, आणि २३ पैकी २१ जणांच्या उत्तरात चुकीची समजूत निघाली. ऋतूंबद्दल बहुतेकांचं उत्तर हेच की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, तेव्हा अंतर साधारण १४.७ कोटी किलोमीटर असतं आणि जुलैत १५.२ कोटी, म्हणजे उत्तर गोलार्धात बरोब्बर उलटं. पृथ्वीचा अक्ष कललाय म्हणून ऋतू होतात हे वाक्य मात्र सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. रोझेनब्लिट आणि काइल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये यावर छान काम केलंय: चेन कशी बंद होते, कुलूप कसं चालतं असल्या गोष्टी तुम्हाला किती समजतात ते लोकांना आधी विचारलं, मग सविस्तर लिहायला लावलं, आणि लिहिल्यावर लोकांनी स्वतःच स्वतःला दिलेले मार्क खाली आणले. साधी चेन आहे हो ती, क्वांटम मेकॅनिक्स नाही.

म्हणून माझ्या मते "कोणासाठी" हा प्रश्न दोन वेगळ्या प्रश्नांची गुंतवळ आहे. एक, प्रेक्षकाला किती माहिती आहे असं धरायचं? दोन, त्याला डोकं किती आहे असं धरायचं? ही दोन वेगळी बटणं आहेत पण गडबड अशी होते की पहिलं बटण खाली करताना लोक दुसरं पण नकळत खाली करतात. शब्द माहीत नसेल म्हणून विचारही झेपणार नाही असं धरतात. मी माहितीचं बटण शून्यावर ठेवतो आणि डोक्याचं पूर्ण वर. सातवीतल्या मुलाला "आर्कसेकंद" (कोनाचं माप, एका अंशाचा ३६०० वा भाग) माहीत नसतो, पण "तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न त्याच्याइतका चिवटपणे दुसरं कोणी विचारत नाही. तेव्हा प्रोड्युसरचं म्हणणं तसं चूक नाहीये, फक्त तो मुलगा मठ्ठ आहे असं कोणी म्हटलेलं नाही.

हे काही नवीन शहाणपण नाही म्हणा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळच्या सुट्टीतली व्याख्यानं चालू आहेत, शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं स्वतः १९ वेळा ती व्याख्यानमाला घेतली. त्यातला मेणबत्तीवरचा एक प्रयोग बघा: ज्योतीच्या मधल्या काळसर भागात वाकडी काचेची नळी धरायची, आतली वाफ नळीतून बाहेर आणायची आणि दुसऱ्या टोकाला पेटवायची. म्हणजे जळते ती वाफ, नुसतं मेण नव्हे. यात एकही अवघड शब्द नाही, पण रसायनशास्त्र शिकलेले किती जण हा प्रयोग न बघता ज्योतीच्या मधे काळं का दिसतं ते सांगू शकतील?

आता तुमच्याच विषयातलं उदाहरण घेतो, कारण नुसत्या तत्त्वाने स्क्रिप्ट लिहून होत नाही.

समजा तुम्हाला प्रकाशवर्ष समजावायचंय. नेहमीची पद्धत म्हणजे निवेदक सांगतो प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, मग वर्षात किती, ९.४६ लाख कोटी किलोमीटर, पडद्यावर शून्यांची रांग पळते, संपलं. हौशी माणसाने हे पन्नासदा ऐकलंय. नवख्याला आकडा ऐकून काहीही झालेलं नाही, त्याला तो आकडा दहापट कमी सांगितला असता तरी तो तितकाच "बापरे" म्हणाला असता. म्हणजे दोघांचा वेळ गेला. आणि गंमत म्हणजे मराठीत त्या शब्दातच "वर्ष" बसलंय, त्यामुळे अर्धे लोक तो काळ आहे असं धरून चालतात, ती एक वेगळीच डोकेदुखी.

मी काय करेन, तर अंतरापासून सुरुवातच करणार नाही. पडद्यावर एक माणूस हात लांब करून अंगठा धरतो, एक डोळा मिटतो, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. प्रेक्षकाला पण करायला लावायचं, वीस सेकंद. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की छोटी. आता डोळ्यांच्या ऐवजी जानेवारीतली पृथ्वी आणि जुलैतली पृथ्वी, दोन "डोळ्यांत" ३० कोटी किलोमीटरचं अंतर. मग जवळच्या ताऱ्याने मागच्या ताऱ्यांवर उडी मारायला हवी की नाही? हवी. आणि इथे गोष्ट वळते, कारण टायको ब्राहेने बघितलं आणि उडी दिसली नाही. दुर्बिणीच्या आधीचा सगळ्यात काटेकोर निरीक्षक तो, एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत मोजणारा. त्याचा निष्कर्ष होता की एकतर तारे वेड्यासारखे लांब आहेत नाहीतर पृथ्वी हलतच नाही, आणि पृथ्वी हलत नाही हेच त्याला जास्त पटण्यासारखं वाटलं. मूर्ख होता का तो? अजिबात नाही, त्याचा तर्क बिनचूक होता, मोजणी कमी पडली.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं. ताऱ्याची ती उडी खात्रीने मोजली गेली १८३८ मध्ये, जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने मोजली, हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याची. जवळपास तीनशे वर्षं! आणि उडी किती, तर सरासरी जागेपासून दोन्हीकडे जेमतेम ०.३ आर्कसेकंद, म्हणजे सोळा किलोमीटरवर ठेवलेलं अडीच सेंटीमीटरचं नाणं जेवढं दिसेल तेवढी. टायकोच्या मोजणीपेक्षा जवळपास दोनशेपट बारीक. आता कोनावरून अंतर काढा, किलोमीटरमध्ये शंभर लाख कोटींच्या वर जातं, आणि आता प्रेक्षकालाच वाटायला लागतं की अरे काहीतरी मोठं माप पाहिजे बुवा. तिथे प्रकाशवर्ष आणायचं. आजच्या मापाने तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे, बेसेलचं उत्तर दहाच्या थोडं वर होतं. शेवटी एक ओळ, की गाया नावाच्या दुर्बिणीने अंतराळातून शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची हीच उडी मोजली.

यात नवख्याला आधी काय माहीत असायला लागलं? स्वतःला दोन डोळे आहेत एवढंच. आणि हौशी माणसाला, ज्याला प्रकाशवर्ष शब्द आधीच येत होता, त्याला टायकोचा तर्क बरोबर होता हे बहुधा पहिल्यांदा कळलं. सात-आठ मिनिटांचा मजकूर आहे हा. यासाठी त्या भागातून बाकी दोन मुद्दे काढावे लागतील, ते मात्र खरं.

आणि खरी मारामारी तिथेच असते. प्रेक्षक कोण यावर लोक भांडतात पण भागात काय काय ठेवायचं यावर भांडायला हवं. पन्नास मिनिटांच्या भागाचं निवेदन, मधले बाइट (मुलाखतींचे तुकडे) आणि शांत शॉट सोडले तर माझ्याकडे साधारण तीन-साडेतीन हजार शब्दांचं होतं. वर्तमानपत्रातल्या दोन-तीन मोठ्या लेखांएवढं, बस. वाचणारा पान मागे उलटू शकतो, टीव्ही बघणारा सहसा मागे जात नाही, आणि माणसाला एका वेळी नव्या तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त डोक्यात धरता येत नाहीत. त्यामुळे ज्या भागात महास्फोट, दीर्घिका, कृष्णविवर, कृष्णद्रव्य आणि शेवटी परग्रहावरचं जीवन असं सगळं कोंबलेलं असतं तो नवख्यासाठी फार भरधाव आणि हौशीसाठी फार उथळ असतो, एकाच वेळी. रुंदी कमी करा, खोली आपोआप मिळते. एका भागाला एकच प्रश्न, आणि तो प्रश्न "काय आहे" या जातीचा नको, "कसं कळलं" या जातीचा हवा.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. ताऱ्यांमध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत यावर एक भाग लिहिला होता आणि तेव्हा मी अगदी ठरवून जाणकारांसाठी लिहिला, कारण आधीच्या मालिकेला "फार प्राथमिक" म्हणून शिव्या बसल्या होत्या. स्पेक्ट्रम, शोषण रेषा, वर्णपट वर्ग, सगळे शब्द बिनधास्त टाकले. रफ कट, म्हणजे पहिला कच्चा एडिट, दोघांना दाखवला. ज्याला काही माहीत नव्हतं तो चौथ्या मिनिटाला फोन बघायला लागला, ते अपेक्षितच होतं. जो जाणकार होता तो शेवटपर्यंत मान डोलवत होता, म्हणाला झकास झालंय. मी सहज विचारलं, ताऱ्याच्या प्रकाशात त्या काळ्या रेषा येतात कशामुळे? तो थांबला. मग म्हणाला, "म्हणजे... ते मूलद्रव्यांमुळे." कशामुळे पण? नाही सांगता आलं. शब्द ओळखीचे वाटले म्हणून तो खूश होता आणि मी पण.

तो भाग पुन्हा एडिट केला. चिमूटभर मीठ बर्नरच्या ज्योतीत टाकलं, ज्योत भडक पिवळी झाली, तो प्रकाश प्रिझममधून सोडला, पिवळ्या पट्ट्यात चमकती रेघ. मग सूर्याचा वर्णपट, म्हणजे प्रिझमने पसरलेले त्याचे रंग, आणि बरोब्बर त्याच जागी काळी रेघ. मिठातलं सोडियम गरम होऊन जो रंग बाहेर टाकतो तोच रंग मागून आला तर गिळतो. चाळीस सेकंद, फार तर पन्नास. नवखा पुढे सरकून बसला आणि जाणकार म्हणाला, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर गोष्ट लावली की ऑगस्त कोंत नावाच्या तत्त्ववेत्त्याने १८३५ मध्ये लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि पंचवीस वर्षांच्या आत बुन्सेन आणि किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी नेमकं तेच करायला सुरुवात केली. हेलियम तर सूर्याच्या प्रकाशात १८६८ मध्ये दिसला आणि पृथ्वीवर १८९५ मध्ये सापडला. जाणकारांसाठी म्हणून लिहिलेला आधीचा मसुदा जाणकारांसाठी पण नव्हताच हे मला तेव्हा कळलं.

आता तुमच्या मित्रांची तक्रार पण पूर्ण उडवून लावू नका, तिला आधार आहे. शिकण्यावर संशोधन करणाऱ्यांना असं दिसलंय की जी मदत नवख्याला लागते तीच जाणकाराला आडवी येते. कल्यूगा, स्वेलर वगैरेंनी २००३ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. कारण सोपं आहे, तुम्हाला येत असलेलं कोणी पुन्हा सांगत असलं की तुम्ही ते सोडूनही देऊ शकत नाही, तुमच्या डोक्यात जे आहे त्याच्याशी ते जुळतंय का हे ताडत बसता आणि त्यात लक्ष खर्च होतं. त्यामुळे "ज्यांना माहीत आहे त्यांनी दुर्लक्ष करावं" हे बोलायला ठीक आहे, प्रत्यक्षात होत नाही.

यावर माझ्याकडे दोन-तीन साधे तोडगे आहेत. एक म्हणजे पायाभूत माहिती सुरुवातीला ढीग करून ओतायची नाही, जिथे अडेल तिथेच, त्या एका वाक्यापुरती द्यायची. दुसरं, जे चित्रात सांगता येतं ते निवेदनात सांगायचं नाही. सूर्य मधे आणि पृथ्वी फिरतेय हे ग्राफिक्समध्ये दिसतंय ना, मग तोंडाने कशाला? माहीत असणारा चित्राकडे बघून पुढे जातो, त्याला टोचत नाही, नवख्याला हवं ते मिळतं. आणि तिसरं, शब्दाची व्याख्या करण्याआधी त्या शब्दाची गरज निर्माण करायची, वर प्रकाशवर्षाचं केलं तसं. मराठीत लिहिताना शब्दांनी फसवणूक पण होते, तेवढं सांभाळा. कृष्णविवर म्हटलं की लोकांना खड्डा दिसतो, काहीतरी पोकळ, रिकामं. प्रत्यक्षात तिथे प्रचंड वस्तुमान दाबून भरलेलं. मी हल्ली पहिल्यांदा ब्लॅक होल म्हणतो, ते काय आहे ते दाखवतो, आणि मग कृष्णविवर शब्द आणतो. शुद्धतेवाले रागावतात, रागावू देत.

अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. "स्पष्ट" आणि "समजलं" हे एक नव्हे. डेरेक म्युलर, जो पुढे व्हेरिटॅसियम या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनेलमुळे माहीत झाला, त्याने सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच पीएचडी केली. विद्यार्थ्यांना एक सरळ, नेटका, गोळीबंद व्हिडिओ दाखवला. सगळे म्हणाले एकदम क्लिअर, छान समजलं. चाचणीतले मार्क मात्र जवळपास होते तिथेच. मग दुसऱ्या प्रकारचा व्हिडिओ दाखवला, ज्यात लोकांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी बोलून दाखवल्या आणि मग त्या का चुकीच्या ते उलगडलं. तो विद्यार्थ्यांना गोंधळाचा वाटला, पण मार्क बरेच वाढले. याचं कारण मला असं दिसतं की सरळ व्हिडिओ बघताना माणूस आपलीच जुनी समजूत त्यात ऐकतो, आणि "हो हो, हेच तर मी म्हणतो" म्हणून मोकळा होतो. नवखा पण तसंच करतो आणि हौशी तर जास्तच करतो! म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये चूक बरोबरच्या आधी येते, आणि ती चूक शहाण्या माणसाने केलेली असेल तर उत्तम. टायको म्हणूनच मला इतका आवडतो.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, मी काही ठाम फॉर्म्युला देत नाहीये. सुटा एकच भाग असेल, सणासुदीच्या दिवशी सगळं घर बसलेलं असताना लागणारा, तर मी नवख्याकडे झुकेन. दर महिन्याला ठरल्या वेळी येणारा, छोट्या स्लॉटमधला कार्यक्रम असेल तर हौशीकडे झुकायला हरकत नाही, कारण तो प्रेक्षक तुमच्याबरोबर वाढतो. बीबीसीवर पॅट्रिक मूर एप्रिल १९५७ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत आकाशदर्शनाचा तो एकच मासिक कार्यक्रम करत राहिला, पंचावन्न वर्षं, रात्री उशिराच्या वेळेला. तिथे दरवेळी पहिल्यापासून सांगायची गरज नव्हती, पण या महिन्यात आकाशात काय बघायचं हे मात्र असायचं, म्हणजे नव्याने आलेल्याला निदान डोकं वर करून बघण्यापुरतं काहीतरी मिळायचं. इंटरनेटवर टाकणार असाल तर अजून सोपं, प्रेक्षक मागेपुढे करू शकतो, तुम्ही भागाचे तुकडे पाडून नावं देऊ शकता, ब्रेकची पाच मिनिटं वाचतात.

आणि काही विषय असे असतात की दोघांना एकत्र नेताच येत नाही. जिथे दहा पायऱ्यांची साखळी आहे आणि प्रत्येक पायरी आधीच्यावर उभी आहे, किंवा गणिताशिवाय नुसती उपमा उरते, तिथे निवड करावीच लागते. उपमेचं म्हणाल तर ते ताणलेलं रबराचं कापड आणि त्यावर ठेवलेला जड गोळा मी आता वापरत नाही. गोळा कापडात खाली जातो तो गुरुत्वाकर्षणामुळे, आणि आपण समजावतोय गुरुत्वाकर्षण. नवख्याला हे लगेच खटकतं, हौशीची सवय झालेली असते.

गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लाटांवर, लिहिताना मला नेमकी हीच अडचण आली होती. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने, अमेरिकेतल्या दोन मोठ्या यंत्रांच्या जोडीने, पहिली लहर पकडली. सापेक्षतावाद पन्नास मिनिटांत कोणालाच शिकवता येणार नव्हता, तो प्रयत्नच सोडला. त्याऐवजी भागाचा प्रश्न ठेवला की चार किलोमीटर लांब नळीच्या टोकाचा आरसा प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडोपट कमी सरकला तर ते मोजायचं कसं? आरशातले अणूच त्यापेक्षा जास्त थरथरतात की! नवखा हा प्रश्न विचारतो आणि भौतिकशास्त्रवाला पण विचारतो. मग उत्तराच्या वाटेने जायचं: प्रकाशाचा झोत काही सेंटीमीटर रुंद असतो, तो असंख्य अणूंची सरासरी घेतो, एकेकट्या अणूची थरथर त्यात पुसली जाते. आरसे ४० किलोचे, एकाखाली एक टांगलेल्या लंबकांवर, प्रकाश नळीत तीनेकशे वेळा मागेपुढे जातो. आणि शेवटी, तीन हजार किलोमीटर लांब असलेल्या दोन यंत्रांत तीच सळसळ ७ मिलीसेकंदांच्या अंतराने दिसली, म्हणजे जवळून गेलेला ट्रक नव्हे. वक्र अवकाशकाळ वगैरे जेमतेम दोन मिनिटं बोललो. तक्रार आली ती एवढीच की आइनस्टाईन कमी पडला.

आता तुमच्या आठ भागांचं. आठही भाग एकाच पातळीवर असायला पाहिजेत असं कोणी सांगितलंय? पहिले दोन अंगठ्याने आणि सावलीने मोजता येतील अशा गोष्टींवर ठेवा, मग प्रकाशावर या, शेवटचे दोन बिनधास्त अवघड करा, तोपर्यंत जो टिकलाय तो नवखा राहिलेला नाही. पण प्रत्येक भाग सुटा बघितला तरी तुटणार नाही याची काळजी घ्या, लोक मधूनच येतात. प्रोड्युसरशी "लेव्हल"वरून वाद घालू नका, त्यात कोणी जिंकत नाही. त्याला प्रत्येक भागाचा एक प्रश्न एका ओळीत लिहून द्या आणि विचारा यातला कोणता प्रश्न सातवीतल्या मुलाला पडणार नाही.

आणि रफ कट झाला की दोन माणसं शोधा, एक कोरा आणि एक तुमच्या मित्रांपैकी, त्यांना वेगवेगळं बसवून दाखवा. कळलं का, आवडलं का, असं चुकूनही विचारू नका, दोघेही हो म्हणतील. टीव्ही बंद करा आणि म्हणा, आता हे मला सांग. कोरा माणूस जिथे अडखळेल तिथे तुमचं एक वाक्य कमी पडलंय. मित्र जिथे तुमचेच शब्द जसेच्या तसे परत म्हणेल तिथे तो एक शॉट कमी पडलाय, बहुतेक वेळा प्रयोगाचा. मी दोन्हींच्या वेळा मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहून ठेवतो आणि तो कागद एडिटरला देतो. दोघांचे कागद शेजारी ठेवले की दिसतं, बऱ्याच वेळा त्याच त्या जागा असतात.